राजमा मार, चवळी सोड

कोचने मला तोंडावर सांगितलं, "तुझ्या हातांत ताकद आहे, पण तुला दिसत काही नाही." साल दोन हजार चार, गाव अमेरिकेतलं चँडलर, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. बॉल आत येतोय की बाहेर जातोय याचा विचार न करता मी येईल त्यावर बॅट फिरवायचो. पाच आठवड्यांनी बेसबॉल टीमची यादी लागणार होती. ही खोड गेली नाही तर त्यात माझं नाव नसणार, हेही त्याने सांगून टाकलं. मला तर रात्री झोपेतही तेवढंच दिसायचं.

उपायही त्यानेच दिला. घरी कुणाला तरी राजमा फेकायला सांग आणि झाडूच्या दांड्याने मार. एवढासा दाणा दिसायला लागला की बॉल कलिंगडाएवढा दिसेल म्हणे.

आमच्या घरी कुणीतरी म्हणजे आईच, कारण बाबा कंपनीत शिफ्टवर. मी राजमा मागितला तशी ती भडकली. "अन्नाला दांडा मारणार? हेच शिकवतात का रे कॉलेजात?" शेवटी कपाटाच्या तळाशी किडलेल्या राजम्याची पिशवी सापडली, शेजारी तशीच किडकी चवळी. ते चाललं तिला. अट एकच: मारून झालं की दाणा न् दाणा वेचायचा, अन्न पायाखाली येता कामा नये.

तीन दिवस दांडा नुसता हवेत फिरला. चौथ्या दिवशी आईने दोन्ही पिशव्या एका भांड्यात ओतल्या.

"काहून रे, काय येतंय ते न बघताच मारतोस? आता राजमा मार, चवळी सोड."

मला हसूच आलं. एवढ्या वेळात रंग बघणार कोण?

"मग तू फेक," म्हणत ती माझ्या जागी उभी राहिली. मी मूठभर दाणे तिच्या बाजूने जोरात भिरकावले. ते मागच्या भिंतीवर आपटून खाली पडतात न पडतात तोच ती म्हणाली, "चवळ्या तीन. आणि खडा कशाला टाकलास?"

मी गुडघ्यांवर बसून शोधलं. चवळ्या तीनच होत्या. खडाही होता, मीच खोडी म्हणून मुठीत घेतलेला.

बापरे! ही बाई इथल्या बंद पाकिटातला तांदूळसुद्धा ताटात घेऊन निवडायची, आणि त्यात एकदाही खडा निघाला नाही म्हणून मी तिला वर्षानुवर्षं चिडवत आलो होतो. त्या दिवशी मी मुकाट्याने सगळे दाणे वेचले.

मग रोज संध्याकाळी तेच. चवळीवर दांडा फिरवला की आई नुसती "हं" म्हणायची, आणि ते "हं" कोचच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी दाणा तिच्या बोटांतून सुटतानाच मला लाल दिसला. मी मारायचं विसरून ओरडलोच, "दिसला!"

यादीआधीच्या शेवटच्या सराव सामन्यात माझे दोन स्ट्राइक झाले होते; तिसरा झाला की आऊट, पण बाहेरून जाणारा बॉल सोडला तर तो स्ट्राइक धरत नाहीत. पिचरने टाकला आणि मला बॉलची लाल शिवण तिरकी फिरताना दिसली. देवाशपथ, दिसली! बॉल बाहेर जाणार हे अर्ध्या वाटेतच कळलं. मी बॅट हलवली नाही. अंपायरने हात वर केला: तिसरा स्ट्राइक, आऊट.

संपलं सगळं, असं वाटलं. तेवढ्यात मागच्या जाळीतून आईचा आवाज आला, "अहो, बाहेर होता तो! चांगला वीतभर बाहेर! डोळे फुटलेत का तुमचे?"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. कोचने मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"बॉल बाहेर होता म्हणतेय."

"बाहेरच होता." मग माझ्याकडे रोखून, "तू दिसला म्हणून सोडलास, की हातच उठला नाही?"

"दिसला. शिवण तिरकी फिरत होती."

त्याने हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. "सोमवारी ये. टीमबरोबर."

मी जाळीपाशी गेलो आणि मला रडूच फुटलं, टीममध्ये घेतलंय हे सांगायचंच राहिलं. आईने जाळीतून बोटं घालून माझा हात धरला. "रडू नको रे राजा," ती म्हणाली, "त्या मेल्याला दिसलं नाही, तुला तर दिसलं ना?"