गार्गीचा सकाळचा फेरा

गार्गी बावीस वर्षांची होती आणि मी तिला रिकामटेकडी म्हणायचे. तोंडावर.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. डेंग्यू झाला. पाच दिवसांत सगळं संपलं.

इथे हिंदी मुलखात, दूधविनायकच्या आमच्या गल्लीत ती समोरच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर आईबरोबर राहायची. एम.ए. करत होती.

मी तिच्या समोरची. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर. मुलगा हैदराबादला. मी एकटीच असते.

गल्लीतल्या बऱ्याच मराठी घरांत आता असंच आहे. एकेक म्हातारं माणूस आणि भिंतीवर नातवंडांचे फोटो.

गार्गी रोज कॉलेजला जायच्या आधी या सगळ्यांची दारं वाजवायची. ना कुठली संस्था, ना बॅनर, ना सेल्फी. प्रत्येक दारात एकच प्रश्न.

"आज काय शिजवलं?"

मी एकदा तिला टोकलं. "माणसाची तब्येत विचारावी. त्याच्या स्वयंपाकघरात कशाला नाक खुपसतेस?"

"काकू, तब्येत विचारली की सगळे बोलतात, एकदम बढिया. जेवणाचं विचारलं की पकडले जातात."

कोपऱ्यावरचे नाना चौऱ्याऐंशीचे. जन्मभर पूजा सांगितली, आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांचा आवाज माझ्या खिडकीत ऐकू यायचा.

"आज श्रीखंड-पुरी!"

"अरे वा! मग एक पुरी द्या ना, नाना."

"संपली. उशिरा आलीस."

मग भांड्याचं झाकण उचलल्याचा आवाज.

"नाना, इथे तर मुरमुरे आहेत."

"पुरीच्या आधी खाल्ले होते."

ती हसायची. पण भात लावल्याशिवाय तिथून निघायची नाही.

मलाही एकदा पकडलं. दोन दिवस ताप होता, गॅस पेटवलाच नव्हता. दारातूनच सांगितलं, "वरण-भात."

ती माझ्या बाजूने आत घुसली आणि सिंकपाशी उभी राहिली.

"एक कप. फक्त एक कप. काकू, वरण-भात कपातून खाल्लात?"

खिचडी केली तिने. पातळ झाली होती, मी तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळच केली.

तिच्या आईला, वंदनाला, मी दोनदा बजावलं होतं, "पोरीला अभ्यासाला बसव. घरोघर काय हिंडते?" वंदना म्हणायची, "तुम्हीच सांगा तिला. तुमचं तरी ऐकेल."

आता त्या शेवटच्या सकाळबद्दल लिहिते. आज सकाळपर्यंत हे कोणाला सांगितलेलं नव्हतं.

ती रोज साडेआठला यायची. त्या दिवशी अकरा वाजत आले होते. आली आणि उंबरठ्यावरच बसली. पाणी मागितलं. पुन्हा एक ग्लास मागितलं.

मी म्हटलं, "ही यायची वेळ आहे? बाकीच्यांनी काय तुझी वाट बघत बसायचं?"

"सॉरी काकू. आज काय शिजवलं?"

"तुझं डोकं."

आणि मी दार लावून घेतलं.

तिचा चेहरा लाल झाला होता. मी पाहिला होता. इतकी वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, शेवटच्या बाकावरच्या मुलीला ताप आला तरी मला फळ्यापाशी कळायचं. उन्हाने झालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तू काही खाल्लंस का, हे तिला मी विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि त्याआधीही कधी नाही. गल्लीत कोणीच विचारलं नाही. आम्ही फक्त उत्तरं द्यायचो.

ती गेल्यावर महिन्याभराने मी फेरा सुरू केला. नाना म्हणाले, "बाई, ती चौकशी करायची. तुम्ही व्हायवा घेता." खरं आहे. मला तिच्यासारखं हसत झाकण उचलता येत नाही.

माझे बरेच जुने विद्यार्थी हे वाचतील. तुमची मुलं आता कॉलेजात आहेत. त्यांना सांगा, जवळचं एक दार निवडा. वीस मिनिटं पुरतात. औषधाची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवा, सिलिंडर लावून द्या, फोनवर नातवाचा चेहरा दाखवा. फोटो काढू नका.

आणि तुमच्या दारात असं कोणी मूल आलं, तर आधी त्याला बसवा. काहीतरी खायला द्या.

फेरा संपवून मी घरी येते. माझं दार मीच उघडते. काही दिवशी चहा-बिस्किटावर भागतं. आता मी पकडली जात नाही.

वंदनाच्या दारात मात्र मी वर्षभर गेले नव्हते. दोन जिने आहेत, गुडघे दुखतात, असं सांगायचे. आज सकाळी चढले. बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. लाल चेहरा, दोन ग्लास पाणी, लावलेलं दार.

तिने आधी मला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाली, "मला माहीत आहे, ताई. त्या दिवशी घरी आली आणि पलंगावर पडून हसत होती. म्हणे, आई, काकू आज काय जोरात ओरडल्या! एकदम फिट आहेत, उनकी टेन्शन नहीं."

आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो. खाली भाजीवाला ओरडून गेला.

गार्गी, तुझा अंदाज चुकला. मी फिट नव्हते. साडेआठपासून दाराशी खुर्ची घेऊन तुझी वाट बघत होते, म्हणून ओरडले.

हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझ्या काकूला ते जमलं नाही.

सुखात राहा, बेटा. माझा शेवटचा नमस्कार.