कापसाचा आजार नव्हता

बीटी कपाशीविरुद्धच्या सभांमध्ये मी बायकोला माझ्या शेजारी उभं करत असे आणि सांगत असे, "हिला या कापसानं आजारी पाडलं." ते ऐकलेले पुष्कळ लोक अजून हयात आहेत. ते खरं नव्हतं.

बोंडअळी आली होती, फवारण्या वाढल्या होत्या, लोक विषबाधा होऊन दवाखान्यात जात होते. हे सगळं खरं. त्याच हंगामात बायको कापूस वेचताना मधेच पांढरीफटक पडायची, घामानं चिंब व्हायची. छाती इतकी धडधडायची की पदर हललेला दिसे. थोड्या वेळानं उठून पुन्हा कपाशीच्या ओळीला लागायची. मी रागानं पेटलेलो, मला दुसरं काही सुचलंच नाही. आधी धाड गावच्या बाजारात सांगितलं, मग सभेत, मग मलकापूरला व्यापाऱ्यांपुढे. लोक तिच्याकडे बघून हळहळायचे आणि माझं ऐकायचे.

एकदा ती म्हणाली, "घागर उचलताना बी तसंच झालं मले. तिथं कुठं कापूस होता?"

"हे सभेत नको बोलू."

"काऊन?"

"लोकायले वाटंल, आपुन खोटं बोलून राह्यलो."

"मंग बोलूनच राह्यलो ना!" ती हसली. मला हसू आलं नाही.

दवाखान्याचं मी पुढं ढकलत राहिलो. शेवटी ती चुलीपाशी कोसळली, तेव्हा तिच्या भावानं मला न विचारता तिला जीपमध्ये घातलं आणि औरंगाबादला नेलं. मी मागून एसटीनं गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी तिला वेचणी कशी करतात ते करून दाखवायला सांगितलं. तिनं कमरेला कापडाची ओटी बांधल्यासारखं केलं आणि वाकली. ओटी कापसानं भरली की वाकताना पोट दाबलं जातं, घागर उचलतानाही तेच. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते, तिथं गाठ असेल तर दाब पडल्यावर ती रक्तात हार्मोन ओतते आणि रक्तदाब भडकतो. असा एखादा झटका जीव घेऊ शकतो. लघवीच्या तपासणीत हार्मोन वाढलेलं निघालं. पण सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजलेल्या दिसल्या. दोन्ही काढल्या तर जन्मभर गोळ्या, आणि चुकीची काढली तर झटके तसेच. खरी गाठ कोणती, हे पेट स्कॅन नावाची तपासणी सांगणार होती.

तिला किंचित किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन आत बसवलं; ते गाठीत साठून चित्रात चमकणार होतं. मला बाहेर एका जागी बसवेना. चहा घेतला, अर्धा टाकला. गेटपर्यंत जाऊन आलो, पुन्हा गेलो. तेवढ्यात सभेच्या कार्यकर्त्याचा फोन आला.

"भाऊ, वहिनीले घेऊन या. लोक जमून राह्यले."

"तिची तब्येत लय बिघडली."

"मंग त अजून चांगलं!" तो म्हणाला. मी फोन बंद केला. त्याला बोल कसा लावणार? हे त्याला मीच शिकवलं होतं.

डॉक्टरांनी चित्र दाखवलं. डाव्या बाजूला निखाऱ्यासारखा ठिपका होता, उजवी बाजू शांत. मी तरीही विचारलं, "कापसानं झालं असेल का?"

"तसं काही दिसत नाही," ते म्हणाले.

आधी रक्तदाबाची औषधं, मग ऑपरेशन. झटके थांबले. गावात मी 'ऑपरेशन झालं' एवढंच सांगितलं. सभांना जाणं सोडलं, पण कुणाला कारण दिलं नाही.

पुढच्या हंगामात शेजारची बाई ओसरीवर आली. "म्या त कापसात जानंच सोडलं," ती बायकोला म्हणाली. "तुह्यासारखंच होते मले. छाती धडधडते, घाम सुटते."

"दवाखान्यात गेलती का?"

"कायले? कापसाचंच हाय थे. भाऊच त सांगत होते सभेत."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "सांगा ना आता तुमीच."

मी अंगणाकडे मान वळवली. मग माझ्याकडे बोट दाखवत तीच म्हणाली, "कापूस नव्हता व माय. पोटात गाठ होती. यायले मालूम हाय."

"मंग सभेत बोलले थ्या गप्पा होत्या का, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

"अन् म्या वरीसभर घरी बसून राह्यली!" ती उठली. बायकोनं तिचा हात धरून ठेवला आणि मला म्हणाली, "जीपवाल्याले सांगून या. उद्या आमी दोघी दवाखान्यात जाऊन राह्यलो."

मी चप्पल न घालताच निघालो.