ताईच्या विम्याची बोलणी

आता काय सांगू तुम्हाला! हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हा पराक्रम माझाच आहे.

आमचे वडील, आप्पा, गेले त्याला अजून दोन महिने झाले नाहीत. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. झालं! मामीनं ताईसाठी स्थळांचा धडाका लावला.

पण आमची वैशालीताई नर्स. दिवसा वॉर्ड, रात्री आप्पांची सेवा, आणि त्यांच्या उशाशी बसून जर्मन भाषेचा अभ्यास! जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी मिळवली पोरीनं. मी नववीतून पळालेला गॅरेजवाला. तिचं पुस्तक नुसतं बघून मला घाम फुटायचा. आता राहिला होता फक्त आरोग्य विमा. तो झाल्याशिवाय व्हिसा नाही, आणि व्हिसाची मुलाखत सोमवारी.

त्या दिवशी ताई मोबाईल घरी विसरून ड्युटीला गेली. फोन वाजला. बाईचा गोड आवाज. कुठून बोलते ते तिनं सांगितलं असणार, पण मी ऐकतोय कुठं? मामीनं सकाळीच बजावलं होतं, "बार्शीच्या पाहुण्यांचा फोन येईल, नीट बोल."

"वैशालींची थोडी माहिती हवी होती."

"इचारा की! मी भाऊ."

"उंची? वजन?"

उंची ठीक आहे हो. पण वजन?

"वजन कशाला? उचलून न्यायचीय का?"

"विचारावं लागतं सर. तंबाखू, दारू घेतात का?"

आता तुम्हीच सांगा, कोण गप्प बसेल?

"अवो बाई, आमची ताई चहासुद्धा बिनसाखरेचा पिती! तुमचा पोरगा काय काय घेतो ते सांगा आधी!"

"माझा मुलगा? तो तिसरीत आहे!"

"तिसरीत? आन् त्याला नर्स बायको पायजे व्हय?"

बाई जपून म्हणाल्या, "बरं, वडील वारल्याचं फॉर्मवर लिहिलंय. कशानं वारले?"

मग माझ्या तोंडून जे फुटलं ते फुटलं.

"हार्टनं गेले. ताईच्या मांडीवर. सगळ्यांना सावरून ती एकटी मोरीत जाऊन रडली. आन् तुमी तिचं वजन इचारताय? असली पोरगी अख्ख्या सोलापुरात न्हाय! जावा, द्यायची न्हाय आमाला!"

फोन कट.

संध्याकाळी ताई आली. "विम्याच्या डॉक्टरबाईंचा फोन आला होता का रे?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

"काय सांगितलंस?"

"द्यायची न्हाय म्हणलं."

ताई मटकन खाली बसली. सोमवार गेला की नोकरी गेली! मी रडकुंडीला आलो. पण ती उठली, पाणी प्यायली, फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि एकेका प्रश्नाचं शांतपणे उत्तर दिलं. वजनसुद्धा सांगितलं!

"ठीक आहे, मंजूर होईल," बाई म्हणाल्या. "एकच राहिलं. घरात कुणाला डोक्याचा काही त्रास?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं. आप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"एक भाऊ हाय मॅडम. पण त्याला मी हितंच ठेवून चालले."