अण्णांनी ढिला केलेला ब्रेक

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे मी चार माणसांत बापावर ओरडले, याचं पुढं कुणाला नवल वाटायचं नाही.

घर पडेगावला, नोकरी खुलताबादच्या शाळेत. रोज मोटारसायकलवर घाट चढायचा आणि उतरायचा. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती पिशोरहून स्वतः चालवत आणून दिली. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी ते एसटीनं येतात आणि अंगणात बसून तेल, चेन, ब्रेक सगळं बघतात. मेस्त्रीला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "मेस्त्रीला काय, त्याची पोरगी थोडीच बसती त्या गाडीवर!"

गेल्या महिन्यात घाट उतरताना वळणावर एक जीप उभी होती. मी ब्रेक दाबले, पण गाडी थांबेचना. चाक जीपला टेकलं तेव्हा कुठं थांबली. अण्णांना बोलले नाही, उगाच जीवाला घोर नको. आपलाच हात कच्चा, असं समजून मी गाडी चालवायच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. नवशिक्यांपासून मुरलेल्यांपर्यंत सगळ्यांसाठी होतं ते.

प्रशिक्षण ज्या रविवारी, नेमके त्याच रविवारी अण्णा आलेले. "म्या शिकवली ना तुला? आता आणखी काय शिकायचं ऱ्हायलं?" असं कुरकुरत का होईना, पण मागं बसून आलेच.

शिकवणाऱ्या मॅडम जेमतेम पंचविशीच्या. मैदानावर त्यांनी फक्कीची रेघ मारली होती. रांगेत एक दूधवाले काका, कॉलेजच्या दोन पोरी आणि आठवड्यापूर्वीच गाडी घेतलेला एक जण. मॅडम म्हणाल्या, "रेघेवर थांबायचं. दोन्ही ब्रेक सोबत. पुढचा मात्र लिंबू पिळतो तसा, हळूहळू दाबत न्यायचा."

निंबाच्या सावलीतून अण्णा ओरडले, "ओ मॅडम, पुढचा ब्रेक नका शिकवू पोरीला! माणूस उलटा पडतो!"

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकीचे रेघेच्या आसपास थांबले, आठवड्यापूर्वी गाडी घेतलेलासुद्धा. मी तिन्ही वेळा रेघ ओलांडून लांब गेले. मॅडमनी येऊन पुढच्या ब्रेकचा दांडा दाबला. तो नुसताच मुठीला जाऊन टेकला. मला वाटायचं, तो असाच असतो. त्यांनी वाकून चाकाजवळ बघितलं.

"ताई, हा नट कुणीतरी मुद्दाम ढिला केलाय. तुमच्या गाडीला पुढचा ब्रेक नाहीच."

मी अण्णांकडं बघितलं. ते आपल्या चपलांकडं बघत होते.

"म्याच केला," ते म्हणाले. "दर महिन्याला करतो."

झालं, माझा पारा चढला. "अण्णा, गेल्या महिन्यात मी जीपखाली जात होते! कळतंय का तुम्हाला?"

अण्णा तिथंच खाली बसले. मग सांगायला लागले. वीस वर्षांपूर्वी पिशोरच्या वाटेवर आई मागं बसलेली, समोर वासरू आलं, अण्णांनी पुढचा ब्रेक दाबला आणि आई खडीवर फेकली गेली. तिचं मनगट वाकडं राहिलं ते आजतागायत. भाकरी ती एकाच हातानं थापते. हे सगळं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"त्या दिसापास्नं घरच्या एकाबी गाडीचा पुढचा ब्रेक लागू दिला नाय मी."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला वाचवायच्या नादात माझा बाप दर महिन्याला मला मरणाच्या दारात उभं करत होता, आणि तेही किती मायेनं! मला रडूच फुटलं.

मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. "काका, तेव्हा हँडल वळलेलं होतं?"

"व्हय."

"खाली खडी होती. आणि ब्रेक कसा दाबला?"

अण्णांनी मूठ गचकन आवळून दाखवली. मग त्या आवळलेल्या मुठीकडं स्वतःच बघत राहिले.

त्यांनी पाना मागून घेतला आणि नट स्वतःच्या हातानं आवळला. दोनदा दांडा दाबून बघितला. मग कुणाचं तरी हेल्मेट घालून माझ्या मागं बसले. "चल," म्हणाले.

मी लिंबू पिळलं. गाडी रेघेवर अलगद थांबली. अण्णांनी माझा खांदा गच्च धरला होता. "अजून एक डाव," ते म्हणाले. असं पाच वेळा झालं.

घरी आल्याबरोबर त्यांनी पिशोरला आईला फोन लावला. मलाही ऐकू यावं, म्हणून स्पीकरवर.

"अगं, तुझा हात ब्रेकानं नाय मोडला. माझ्यामुळं मोडला. भिऊन एकदम आवळला मी."

"मला तव्हाच ठावं व्हतं," आई म्हणाली. "मागून दिसली व्हती तुमची मूठ. पण दवाखान्यात तुमी रडत रडत ब्रेकाला शिव्या देत व्हते. म्हणलं, देऊ द्या."

अण्णांनी फोन आणखी जवळ ओढला.

"या आता," आई म्हणाली. "आन् आल्यावर आधी पाना घ्या. घरची गाडीबी तशीच हाय."