कडी घातलेलं दार

सर्पालयात मी तिकिटं द्यायचो आणि दादा साप सांभाळायचा. वयाने माझ्या बरोबरीचा, पण साहेबांपासून सगळे त्याला दादाच म्हणत. त्याच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून जमेल तसं मी लिहितो.

किंग कोब्राची मादी अंगाच्या वेटोळ्याने पालापाचोळा ओढून घरटं रचते. त्यात अंडी घालते आणि दोन-अडीच महिने जागची न हलता राखण करते. ती तशी बसली की काचेसमोर दादाला चेव यायचा. पोरावर डाफरणाऱ्या बायकांना म्हणायचा, "ताई, ही बघा आई! तुम्ही एका आइसक्रीमवरून पोराचा जीव खाताय!" बायका हसायच्या.

पुढचं मात्र तो सांगत नसे. अंडी फुटायच्या सुमारास ही आई निघून जाते. पिल्लं जन्मापासून विषारी, आपली आपण जगतात. शिवाय हिचं खाणंच साप, त्यात आपलं-परकं कळेलच असं नाही. म्हणून ती घरट्यावरून उतरली की शेजारच्या खोलीचं दार उघडून द्यायचं, अशी आमच्याकडची पद्धत.

दादाला त्याची आई लहानपणी मावशीकडे ठेवून गेली, ती परत आली नाही. हे मला वहिनींनी सांगितलं होतं.

त्या वर्षी मादी उतरून दाराशी गेली. दादाने उलट कडी घातली. पोरांचं तोंड तरी बघू दे तिला, असं त्याला वाटलं. सकाळी घरट्यात फाटकी टरफलं होती, मादीचं पोट फुगलेलं होतं आणि पाण्याच्या भांड्यामागे एकच पिल्लू उरलं होतं.

"निसर्ग आहे, दादा," साहेब म्हणाले. कडीचं कुणालाच माहीत नव्हतं.

बातमी गावभर झाली. लोक काचेशी येऊन म्हणायचे, "हीच ती! पोटची पोरं खाल्ली सटवीने." दादा मान खाली घालून फरशी पुसत राही. डबा तसाच घरी जाई.

"भाऊजी, तुमच्याशी तरी बोलतात का हो हे?" वहिनींनी विचारलं. मी नाही म्हणालो.

एकदा एक बाई कडेवरच्या मुलीला म्हणाली, "बघ, असली असते का गं आई?"

दादाने फडकं खाली ठेवलं. "तिला बोलू नका, ताई. ती निघाली होती. दार मी लावलं."

"का?" मुलीने विचारलं.

दादाला तिच्याकडे बघवेना. "आईने जाऊ नये असं वाटलं मला. चुकलं माझं, बाळा."

साहेब मागेच उभे होते. दादाची बदली बागेत झाडलोटीला झाली. सर्पालयासमोरून जाताना तो तोंड फिरवायचा. मी हाक मारली तर "येतो रे" म्हणायचा, येत नसे.

पुढच्या खेपेला पिल्लं निघाली, तेव्हा मी मुद्दाम बागेत गेलो.

"जगली?"

"सगळी."

"आणि ती?"

"दार उघडल्याबरोबर गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही."

दादा झाडू धरून उभा राहिला. मग म्हणाला, "हे त्या मुलीला कोण सांगणार रे आता?"