सत्कारात सांगून टाकलेला शोध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगण्याची लायकी तरी आहे का त्याची?

मी आणि दीप्ती — माझी वर्गमैत्रीण, छत्तीसगढी घरातली — रायपूरच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकत होतो. बासीतून, म्हणजे रात्रभर भिजवलेल्या भातातून, आम्ही एक जिवाणू वेगळा काढला आणि त्याची पूड करायची पद्धत बसवली. ती बियाण्याला चोळली की धानाची रोपं कुजत नाहीत. शहरातल्या पंडरी बाजारातले एक कापडाचे व्यापारी पैसे लावायला तयार झाले. जिवाणू म्हणजे काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही — ‘पेटंट’ एवढा शब्द त्यांना पुरला. समता कॉलनीतल्या पेटंट एजंटने मात्र बजावलं होतं, अर्ज जाईपर्यंत बाहेर बोलू नका. एकदा चारचौघांत सांगितलं की ते नवं राहत नाही, आणि नवं नसेल तर पेटंट नाही.

त्याच आठवड्यात पुरानी बस्तीतल्या आमच्या मराठी मंडळाने गणपतीत गुणवंतांचा सत्कार ठेवला. बाबा रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मदतनीस. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. शाल घालताना अध्यक्षकाका म्हणाले, “बोल न पोट्ट्या, दोन शब्द.”

दोन शब्द? मी सगळंच ओकलो — तापमान, साखर, वाळवण्याची रीत. कुणाला काही कळलं नाही. समोर मोबाईल रोखलेला दिसला, तर गप्प बसायचं सोडून मी शाल नीट केली.

पुढे एजंटने विचारलं, “कहीं बताया तो नहीं?” मी नाही म्हणालो. भाषणाचा व्हिडिओ मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर होता. पण मराठीत — आणि इथे माझे चुलतभाऊसुद्धा मराठीला हिंदीतून उत्तर देतात. कोण ऐकणार? ज्या भाषेत शाल मिळाली, ती कुणी ऐकत नाही याच भरवशावर मी खोटं बोललो. अक्कलही केवढीशी!

अर्ज गेला. दीप्तीला हैदराबादची नोकरी लागली होती. तिने एवढंच विचारलं, “सब पक्का है ना? तेरे भरोसे छोड़ रही हूँ.”

मी होकार दिला, “हव.”

तिने नोकरी सोडली. तो व्हिडिओ कुणी पुढे केला की अर्ज बाद होईल. व्यापारी आपल्या कापडाकडे परत जातील. ती कुठे जाईल?

परवा बाबांनी विचारलं, “दीप्तीले दाखवलं काय तुह्यं भाषण?”

मी म्हटलं, तिले मराठी समजत नाही.

हेही खोटं. आमच्या घरी येऊन येऊन तिला सगळं समजतं.