सणाची गोळी

"काढून टाक की पिशवी एकदाची!" आमच्या वालूरात हा सल्ला चहाबरोबर मिळतो. जावेनं दिला, शाळेतल्या बाईंनी दिला. सासूबाईंनी तर स्वतःचा दाखला जोडला, "माझीबी काढली, काय बिघडलं?" हे म्हणताना त्या कंबर धरून उठत होत्या.

मला अ‍ॅडेनोमायोसिस हाय. म्हणजे गर्भपिशवीचं आतलं अस्तर तिच्याच भिंतीत घुसून वाढायलंय. पाळी आली की पोटाला पीळ पडतो, अंगावरून इतकं जातं की फळ्यासमोर उभं राहायची भीती वाटते. मला एक मुलगी हाय, दुसरं लेकरू पाहिजे. पण घरच्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात दिवाळीच्या सुट्टीत माझं ऑपरेशन ठरवून टाकलं, का तर शाळेची रजा वाया जाऊ नये. मला विचारलं कुणी? छे!

चिडून एकटीच परभणीला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली अन् म्हणाल्या, "पिशवी काढणं हा शेवटचा उपाय. आधी दुखण्याच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. औषध सोडणारी तांबी बसवता येते, मूल हवं तेव्हा ती काढता येते. घाई कशाची आहे?" सुरुवातीला काही महिने गोळ्या लिहून दिल्या. एवढं साधं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं, ह्याचाच मला लय राग आला.

घरी सासूबाईंनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली. "हार्मोनची? नको गं बाई! अंग सुजतंय त्यानं." मग उजेडात धरून नीट बघितली आणि हळूच खाली ठेवली.

तीच गोळी! पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं असलं, घरात महालक्ष्म्या बसायच्या असल्या, की पाळी पुढं ढकलायला ह्याच बाई माझ्या हातावर हीच गोळी ठिवायच्या. लग्न झाल्यापासून एक सण चुकला न्हाई. तवा न्हवतं सुजत अंग?

"देवासाठी चालती, अन् माझ्या दुखण्याला चालत न्हाई व्हय?" मी म्हणलं.

नवरा जेवायला बसला होता. "कशाला ही कटकट? पिशवी काढली की सणासुदीचा प्रश्नच मिटला."

माझं डोकंच फिरलं. "मला लेकरू पाहिजे!" अशी ओरडले की शेजारची बाई भांडी घासायची थांबली.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "हे तू कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी विचारलं?"

सकाळी सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. माझ्या हातावर गोळी ठेवली, सणाला ठेवतात तशी. त्या दिवशी कसलाच सण न्हवता.

ऑपरेशन रद्द करायचं मात्र कुणी नाव काढलं न्हाई. दुपारच्या सुट्टीत शाळेतून मीच तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडून विचारलं, "घरच्यांना विचारलंय का?"